शेकरूचा टोपीसह पोशाख मोठ्या माणसासाठी घरी शिवायचा आहे: बेतणे, कापड, कान आणि शेपूट

निसर्गवर्ग

आमच्या शाळेत दरवर्षी ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात वन्यजीव सप्ताह साजरा होतो. यंदा प्राथमिक वर्गांतील मुलांना शेकरूची ओळख करून द्यायची असे ठरले आहे. शेकरू, म्हणजे झाडांवर राहणारी मोठी खार, हा महाराष्ट्राचा राज्यप्राणी असला, तरी लहान मुलांना वाघ, हत्ती, फार तर बिबट्या माहीत असतो, आणि शेकरूचे चित्र दाखवले की ती ‘खार’ म्हणून पान उलटतात. म्हणून आमच्या एक सहकारी शिक्षिका शेकरूच्या वेशात वर्गावर्गांत जाऊन मुलांशी बोलणार आहेत आणि तो वेश शिवण्याचे काम मी आनंदाने अंगावर घेतले आहे.

पोशाख भाड्याने देणाऱ्या दुकानांत चौकशी केली. तेथे वाघ, सिंह, ससा, अस्वल मिळतात. शेकरू मिळत नाही. शिवाय त्यांतील बहुतेक पोशाखांना माणसाचे तोंड पूर्ण झाकणारे मोठे डोके असते. मुलांशी बोलणाऱ्या माणसाचा चेहरा दिसला पाहिजे, ओठांची हालचाल दिसली पाहिजे आणि आवाज दबता कामा नये, असे मला ठामपणे वाटते. पहिलीतील मूल अनोळखी डोक्याला घाबरते, पण त्याच डोक्याखाली आपल्या बाई हसताना दिसल्या, तर ते प्रश्न विचारू लागते. म्हणून चेहरा उघडा ठेवणारी, कान लावलेली टोपी पोशाखालाच जोडलेली असावी, असा माझा विचार आहे.

मी सलवार-कमीज, परकर-पोलके आणि मुलांचे कपडे नियमितपणे शिवते. मोठ्या माणसासाठी गळ्यापासून घोट्यापर्यंत एकसंध पोशाख मात्र मी अद्याप बेतलेला नाही. शिक्षिकेची उंची १६५ सेंमी, छाती ९६ सेंमी आणि सीट (नितंबांचा घेर) १०४ सेंमी आहे. असा पोशाख कसा बेतावा, ऑक्टोबरच्या उकाड्यात कोणते कापड चालेल, टोपी डोक्यावर स्थिर कशी राहील आणि एवढी मोठी शेपूट कशाच्या आधाराने लावावी, याविषयी जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

कातरकाम

एकसंध पोशाख बेतताना छातीपेक्षाही महत्त्वाचे माप धडाच्या पूर्ण फेऱ्याचे असते, आणि नेमके तेच माप आपल्याकडच्या नेहमीच्या शिवणकामात घ्यावे लागत नसल्याने अनेकांच्या लक्षात येत नाही. कमीज आणि सलवार वेगवेगळी असली की हात वर केल्यावर कमीज वर सरकते आणि सलवार जागेवर राहते. दोन्ही जोडली की हात वर करताच सगळा ताण आसनावर (दोन पायांमधील जोडावर) येतो. टेप खांद्याच्या मध्यावर धरावी, पुढून छातीवरून खाली न्यावी, दोन्ही पायांमधून मागे घ्यावी आणि पाठीवरून पुन्हा त्याच बिंदूवर आणावी. हे माप उभ्याने घ्यावे आणि मग खुर्चीत बसवून पुन्हा घ्यावे, कारण बसल्यावर ते वाढते. बसलेल्या मापात आणखी १० ते १२ सेंमी सैलपणा धरावा. तुमच्या शिक्षिका लहान मुलांसमोर वाकणार, उकिडव्या बसणार, फळ्याकडे हात उंच करणार, हे गृहीत धरूनच मी हा आकडा देत आहे.

बेतण्यासाठी त्यांचाच एक ढगळ, पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट आणि एक सैल पायजमा घ्यावा. दोन्ही उभ्या मधोमध दुमडून ब्राउन पेपरवर एकाखाली एक ठेवून आखावेत, पाठीचा भाग पुढच्यापेक्षा लांब ठेवावा आणि छातीला १८ ते २० सेंमी, सीटला किमान २० सेंमी अधिक सैलपणा द्यावा. शिलाईची माया (शिवणीबाहेर सोडायचे कापड) दीड सेंमी पुरे.

प्राण्याच्या पोशाखाला ढगळपणा यावा म्हणून आसन खूप खाली घेण्याचा मोह होतो, पण आसन जितके खाली तितके पाऊल आखूड पडते आणि जिना चढताना कापड मांड्यांना अडते. त्यापेक्षा आसन शरीरापासून ४-५ सेंमीच खाली ठेवावे आणि तेथे १२ सेंमीची चौकोनी कळी (जोडात बसवायचा जादा तुकडा) तिरकी बसवावी. जुन्या पद्धतीच्या विजारींना अशी कळी असे आणि त्या विजारी घालून माणसे शेतात दिवसभर काम करीत, यावरून तिची उपयुक्तता लक्षात येईल. खरे कापड कापण्यापूर्वी मांजरपाटात सगळा पोशाख एकदा धावदोऱ्याने जोडून, घालून, बसून पाहावा.

रंगपट

मी हौशी बालनाट्यांसाठी पोशाख शिवतो, त्यामुळे कापडाविषयी थोडे लिहितो. अंगभर फर लावण्याचा विचार असेल, तर तो कृपया सोडून द्यावा. खेळण्यांसाठी मिळणारे फरचे कापड बहुधा ॲक्रिलिक किंवा पॉलिएस्टरचे असते; ते घाम शोषत नाही आणि त्यातून हवाही नीट खेळत नाही. परतीचा पाऊस संपत आलेला असतो, ऊन चढलेले असते, वर्गात पन्नास मुले असतात आणि पंखा कधी चालू, कधी बंद. अशा वेळी फरच्या पोशाखातील माणूस पंधरा मिनिटांत घामाघूम होतो आणि त्याचे लक्ष बोलण्यावरून उडते. पोशाख कितीही सुंदर असला, तरी आतला माणूस त्रासला की प्रेक्षकांना तो त्रासच दिसतो.

फर फक्त तीन ठिकाणी वापरावी: शेपटीला, कानांच्या झुपक्यांना आणि हवी असल्यास टोपीच्या कडेला. बाकी सगळे अंग सुती होजिअरीत (बनियनसारख्या विणीच्या, ताणणाऱ्या कापडात) शिवावे. होजिअरीत ‘लूप निट’ म्हणून जे कापड मिळते, त्याची एक बाजू गुळगुळीत आणि दुसरी बारीक फासे असलेली असते. ती फाशांची बाजू बाहेर घेतली, की पृष्ठभागाला एक मऊ खडबडीतपणा येतो आणि दोन-तीन मीटरवरून तो केसाळ वाटतो. हे कापड पुष्कळ ठिकाणी मीटरवर न विकता किलोवर विकतात, म्हणून हिशोब करून जावे. २४० जीएसएम (दर चौरस मीटरला २४० ग्रॅम) वजनाचे आणि १८० सेंमी पन्ह्याचे कापड असेल, तर एका किलोत साधारण २.३ मीटर मिळते. तुमच्या मापाला तीन मीटर मुख्य रंग आणि पाऊण मीटर पोटाचा फिका रंग लागेल. सुती कापड आटते, म्हणून कापण्यापूर्वी दोन्ही रंग वेगवेगळे पाण्यातून काढून वाळवावेत. गडद तांबड्या रंगाचे पाणी फिक्या पोटावर उतरले, तर पुढे काही करता येत नाही.

मुंबईत असाल, तर कापडासाठी मंगळदास मार्केट आणि लेस, चेन, बटणे यांसाठी भुलेश्वर. पुण्यात असाल, तर रविवार पेठ, एवढे पुरेसे आहे.

घाटमाथा

कापडाचा रंग घेण्याआधी प्राण्याकडे एकदा नीट पाहावे, म्हणून हा प्रतिसाद. भारतात शेकरूचे अनेक रंगभेद आहेत. दक्षिणेकडील काही शेकरू तर पाठीवर ठळक काळे दिसतात. इंटरनेटवरील पहिले रंगीत छायाचित्र पाहून काळा-तांबडा-जांभळा पोशाख शिवला, तर मुलांना महाराष्ट्रात न दिसणारा शेकरू शिकवला जाईल. भीमाशंकरच्या जंगलात दिसणाऱ्या शेकरूची पाठ, डोक्याचा वरचा भाग आणि शेपटीचा बराचसा भाग गडद तांबूस-तपकिरी, जवळजवळ मरून असतो. गळा, छाती, पोट आणि पायांची आतली बाजू सायीसारखी फिकी असते. शेपटीचे टोकही फिके असते आणि झाडीत तेच आधी नजरेस पडते. भीमाशंकर हे १९८५ साली अभयारण्य झाले आणि शेकरूमुळेच ते सर्वांना ठाऊक आहे. फणसाड आणि राधानगरीच्या जंगलांतही शेकरू आहेत.

कान आखूड, गोलसर आणि टोकांना केसांचे झुपके असलेले असतात. सशासारखे उंच किंवा मांजरासारखे टोकदार कान करू नयेत. बहुतेक शेकरूंच्या दोन कानांच्या मध्ये एक फिका ठिपका असतो, तो टोपीवर अवश्य घ्यावा.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे शेपूट. लहान पट्टेदार खार शेपूट पाठीवर वळवून बसते, त्यामुळे खारीच्या प्रत्येक चित्रात शेपटीचा प्रश्नचिन्हासारखा आकार असतो. शेकरू तसा बसत नाही. तो मागच्या पायांनी फांदी घट्ट धरतो, पुढचे अंग एका बाजूला झुकवून पुढच्या पायांत फळ धरून खातो, आणि त्याची लांब, जड शेपूट दुसऱ्या बाजूला खाली लोंबून त्याचा तोल सांभाळते. शेपटीची लांबी डोके-धडाच्या लांबीपेक्षा जास्त असते. तेव्हा तुमच्या पोशाखाची शेपूट सरळ खाली लोंबणारी असावी. ती प्राण्याशी प्रामाणिक राहील आणि वर उभी ठेवण्यासाठी तारा वाकवण्याची गरजही उरणार नाही.

निसर्गवर्ग

तिन्ही प्रतिसादांसाठी मनापासून आभार. शेपटीविषयीची माहिती मुलांना सांगण्याच्या दृष्टीनेही फार मोलाची आहे. शेपूट खाली का लोंबते, हाच तासाचा पहिला प्रश्न करता येईल. लूप निट घेण्याचे नक्की करते. रंगासाठी शेकरूचे छायाचित्र सोबत घेऊन दुकानाबाहेर, उन्हात कापड पाहीन.

एक व्यावहारिक अडचण आहे. शिक्षिका सकाळची संपूर्ण शाळा हा पोशाख घालून वर्गावर्गांत जाणार आहेत. एकसंध पोशाखाला पुढून कितीही लांब चेन लावली, तरी प्रसाधनगृहात तो पूर्ण उतरवावा लागेल, आणि पाठीमागे मोठी शेपूट असताना ते फारच गैरसोयीचे होईल. यावर काय करावे?

दूरदेशी

मी न्यू जर्सीत राहते. येथे हॅलोविनच्या सुमारास असे टोपीवाले प्राण्यांचे अंगरखे मोठी माणसेही घालतात, आणि जपानमध्ये ‘किगुरुमी’ नावाने मिळणाऱ्या एकसंध, ढगळ पोशाखांच्या धर्तीवर बेतलेले तयार कागदी नमुनेही विकत मिळतात. ते बहुतेक पोलर फ्लीसचे असतात. फ्लीस शिवायला अत्यंत सोपे आहे, कारण त्याची कड उसवत नाही आणि ओव्हरलॉक (कड बांधणारी शिलाई) न करताही चालते. हे कापड मॅसॅच्युसेट्समधील माल्डन मिल्सने १९७९ साली विकसित केले ते मुळात थंडीसाठी, आणि येथील ऑक्टोबरअखेरच्या संध्याकाळी ते उत्तम वाटते. महाराष्ट्रातील ऑक्टोबरला ते मी कधीही सुचवणार नाही. सुती कापडाचाच निर्णय योग्य आहे.

प्रसाधनगृहाची अडचण येथेही सगळ्यांना येते. मोठ्यांसाठी दोन भागांचा पोशाख शिवणे हाच त्यावरील खरा उपाय आहे: टोपी जोडलेले लांब जॅकेट आणि त्याच कापडाची विजार. जॅकेट मांडीच्या मध्यापर्यंत आले, की दोन भाग आहेत हे कोणाच्या लक्षातही येत नाही.

येथील कागदी नमुने वापरणाऱ्यांसाठी एक सूचना: त्यांत शिलाईची माया बहुधा दीड सेंमी आधीच धरलेली असते. त्यावर पुन्हा माया सोडली, तर टोपी हमखास मोठी होते.

कातरकाम

दोन भागांचा पोशाख या प्रसंगासाठी अधिक योग्य आहे, हे मान्य. मूळ आराखड्यात फारसा बदल करावा लागणार नाही. धडाच्या फेऱ्याचे माप आता विजारीच्या मागच्या उंचीसाठी वापरावे: विजारीचा मागचा भाग कमरेला पुढच्यापेक्षा ६-७ सेंमी उंच बेतावा, म्हणजे वाकल्यावर पाठ उघडी पडणार नाही. कळी विजारीत तशीच ठेवावी. कमरेला ३ सेंमी रुंदीचे इलॅस्टिक घालावे आणि आतून एक नाडीही ओवावी, कारण होजिअरी दिवसभरात सैल पडते आणि केवळ इलॅस्टिकवर विसंबून राहणे बरे नाही.

जॅकेटला पुढून उघडणारी जाड दातांची प्लॅस्टिकची चेन लावावी. चेन पोटाच्या फिक्या भागाच्या मधोमध न लावता फिका आणि तांबूस रंग जिथे मिळतात, त्या डाव्या बाजूच्या जोडात लपवावी; त्यामुळे पोटाचा फिका भाग एकसलग दिसतो. होजिअरीला चेन लावताना कापड ताणले जाऊन चेन लाटेसारखी होते, म्हणून त्या कडेला आधी इस्त्रीने चिकटणाऱ्या कॅनव्हासची दीड सेंमीची पट्टी लावून घ्यावी. वेल्क्रो कुठेही वापरू नये. लूप निटचे फासे वेल्क्रोत अडकून ओढले जातात. जिथे बंद लागेल तिथे टिचबटण लावावे.

पायमशिनीवर शिवत असाल, तर बॉलपॉइंट (गोलसर टोकाची) सुई १४ क्रमांकाची घ्यावी, टीप ३ मिमीची ठेवावी आणि शिवताना कापड किंचित, फक्त किंचित, ताणून धरावे. आसनाला आणि मुंढ्याला (बाही जोडतात तिथे) दुहेरी टीप मारावी. झिगझॅगची सोय असेल, तर बारीक झिगझॅग याहून चांगला.

टाकेटिपा

टोपीविषयी कोणी लिहिलेले नाही, म्हणून मी लिहिते. हा या पोशाखातील सर्वांत नाजूक भाग आहे, कारण लोक पोशाखाकडे पाहताना शेवटी चेहऱ्याकडेच पाहतात.

ज्यांनी बाळाची कुंची शिवली आहे, त्यांना टोपीची मूळ कल्पना समजावून सांगावी लागत नाही. आयताकृती कापड दुमडायचे, डोक्यामागे जोड द्यायचा, मानेशी चुण्या घ्यायच्या आणि खालचा घोळ पाठीवर सोडायचा. पण बाळ झोपलेले असते किंवा कडेवर असते. ते मान वळवून पन्नास जणांकडे पाहत नाही. कुंचीचा नमुना तसाच मोठा केला, तर मोठ्या माणसाच्या डोक्यामागे टोक उभे राहते, आणि मान वळवली की टोपी जागेवर राहून चेहरा आत जातो. म्हणून मोठ्यांसाठी तीन तुकड्यांची टोपी करावी: दोन बाजूंना दोन गालपट्ट्या आणि मध्ये कपाळापासून मानेपर्यंत जाणारी एक पट्टी.

मधल्या पट्टीची लांबी कपाळावरील केसांच्या रेषेपासून टाळूवरून मानेच्या मागच्या हाडापर्यंत टेप टेकवून मोजावी आणि त्यात ६ सेंमी मिळवावेत. पट्टीची रुंदी पुढे १२ सेंमी ठेवावी आणि मानेकडे निमुळती करत ९ सेंमीवर आणावी. गालपट्टीची उंची ठरवण्यासाठी गळ्याच्या खोबणीपासून टाळूवरून दुसऱ्या बाजूने पुन्हा गळ्यापर्यंत माप घ्यावे, त्यातून पट्टीची रुंदी वजा करावी, उरलेल्याचे दोन भाग करावेत आणि प्रत्येकी ३ सेंमी वाढवावेत. शिक्षिकेचा अंबाडा किंवा जाड वेणी असेल, तर माप केस बांधलेल्या स्थितीतच घ्यावे. ही गोष्ट फार महत्त्वाची आहे.

टोपी मागे का पडते, याचे कारण पुष्कळदा टोपीत नसून गळ्यात असते. गळा मोठा आणि खोल कापला, की टोपीचे वजन पाठीकडे सरकते. जॅकेटचा गळा मानेलगत ठेवावा, पुढे फार तर ७ सेंमी खोल कापावा आणि टोपीची खालची कड त्या गळ्याच्या मापाची असावी. चुण्या घेऊन मापात आणण्याची वेळ येऊ देऊ नये. दुसरे कारण कानांचे वजन. कानांत फायबर किंवा कापूस मुळीच भरू नये. होजिअरीच्या दोन थरांमध्ये ३ मिमीचा फोम किंवा मऊ बकरम (आकार टिकवणारे ताठ कापड) घालावे, कान उलटवून इस्त्री करावी आणि बुडाशी एक चुणी घालावी, म्हणजे तो वाटीसारखा किंचित पोकळ उभा राहतो. हे कान मधली पट्टी आणि गालपट्टी यांच्या जोडातच पकडून शिवावेत. वरून टाके घालून लावलेला कान दोन वेळा पोशाख घातल्यावर झुकतो. समोरून पाहिले असता कानाचे बूड भुवईच्या बाहेरच्या टोकाच्या सरळ रेषेत यावे. मी कान आधी टाचणीने लावून आरशात पाहते आणि दुसऱ्या कोणाला तरी चार-पाच पावलांवरून पाहायला सांगते, कारण जवळून योग्य वाटणारे कान लांबून फार खाली वाटतात.

‘घाटमाथा’ यांनी सांगितलेला फिका ठिपका मधल्या पट्टीवर, दोन कानांच्या बरोबर मध्ये, पट्ट्या जोडण्यापूर्वीच लावून घ्यावा. कानांच्या टोकांचे झुपके फरच्या बारीक पट्टीचे किंवा तांबूस लोकरीचे करता येतील. मला लोकर अधिक आवडते; ती धुण्यात टिकते आणि हवी तेवढी कातरता येते.

टोपीला आतून पूर्ण अस्तर देऊ नये. कापडाचा दुसरा थर कानांवर आला की ऐकू कमी येते, आणि मुलांचे प्रश्न ऐकू येणे हा तर या सगळ्याचा हेतू आहे. चेहऱ्याच्या कडेला फक्त ४ सेंमीची सुती पट्टी आत वळवावी आणि तीत पूर्ण फेरीभर इलॅस्टिक न घालता दोन्ही गालांशी १०-१० सेंमीच बारीक इलॅस्टिक ओढून घ्यावे. पूर्ण फेरीला इलॅस्टिक घातले, तर कपाळावर चुण्या पडतात आणि चेहरा आवळल्यासारखा दिसतो. आतून कानांच्या थोडे पुढे दोन छोटे कापडी बंद शिवावेत व त्यांतून केसांच्या पिना घालून टोपी केसांना पक्की करावी. मग मान कितीही वळवली, तरी टोपी मानेबरोबर वळते.

घाटमाथा

गालपट्ट्यांचा पुढचा, चेहऱ्यालगतचा भाग फिक्या रंगाचा ठेवल्यास शेकरूचे गाल साधतील आणि तो रंग गळ्याखालून पोटाच्या फिक्या भागात सलग मिळेल. नाकावर काळा ठिपका आणि मिशा रंगवण्याऐवजी चेहरा मोकळाच ठेवावा, असे मला वाटते.

रंगपट

आता शेपटीविषयी. १६५ सेंमी उंचीच्या व्यक्तीची कंबर जमिनीपासून साधारण एक मीटरवर असते. शेपूट ८० सेंमी लांब ठेवली, तर टोक जमिनीपासून वीत-दीड वीत वर राहील आणि मागे उभ्या मुलांच्या पायांखाली येणार नाही. प्रमाणाने पाहिले तर ती शेकरूच्या शेपटीपेक्षा आखूड आहे, पण वर्गातील बाकांमधून चालायचे असल्याने याहून लांब करू नये. जाडी भरपूर द्यावी, मध्ये १८ ते २० सेंमी व्यासाची, म्हणजे डोळ्यांना ती लांबही वाटते. वरचे दोन भाग तांबूस आणि शेवटचा एक भाग फिका असे तीन सारखे भाग करावेत.

फरचे कापड कात्रीने वरून कापू नये. उलट बाजूने आखून, ब्लेडने फक्त पाठीचे कापड कापावे. केस अखंड राहतात आणि घरभर उडत नाहीत. लव शेपटीच्या टोकाकडे जाईल अशीच सर्व तुकड्यांची दिशा ठेवावी. टाचण्यांऐवजी कपडे वाळत घालण्याचे चिमटे लावून शिवावे, टीप मारण्यापूर्वी केस आत सारावेत आणि शिवून झाल्यावर जोडात अडकलेले केस जाड सुईने बाहेर ओढून घ्यावेत. एवढे केले की जोड दिसत नाही.

आत उशांत भरतात तो फायबर भरावा. गादीचा कापूस जड होतो आणि गोळे धरतो. फायबर टोकाकडे विरळ आणि बुडाशी घट्ट असावा. शेपूट चालताना पायांत येऊ नये, यासाठी बुडाशी १६ मिमीच्या ठिबकच्या नळीचा ३० सेंमीचा तुकडा घालावा. ही नळी शेतीसाहित्याच्या कोणत्याही दुकानात मिळते, वाकते पण मोडत नाही, आणि तारेसारखी टोचत नाही. तिची दोन्ही तोंडे कापडाने गुंडाळून शिवून टाकावीत.

शेपूट जॅकेटला किंवा विजारीला शिवू नये. तिचे सगळे वजन कापडावर आले, तर होजिअरी ओघळते आणि पोशाख मागून बसका दिसतो. ५ सेंमी रुंदीच्या निवारीचा पट्टा करून त्यावर शेपटीचे बूड दुहेरी टाक्यांनी पक्के करावे, पट्टा जॅकेटच्या आत, कमरेवर बांधावा आणि जॅकेटच्या पाठीत १५ सेंमीची उभी फट ठेवून शेपूट त्यातून बाहेर काढावी. फटीवर फरची छोटी झडप शिवली, की जोड झाकला जातो. विजारीशी शेपटीचा संबंध नसल्यामुळे तुमची प्रसाधनगृहाची अडचणही सुटते.

आणखी एक गोष्ट गांभीर्याने सांगतो. शाळेच्या कार्यक्रमाची सुरुवात दीपप्रज्वलनाने होत असेल, तर या पोशाखातील व्यक्तीने समईजवळ जाऊ नये आणि समईकडे पाठ तर मुळीच करू नये. ॲक्रिलिकची किंवा पॉलिएस्टरची फर ज्योतीच्या स्पर्शाने क्षणात पेट घेते, वितळते आणि कातडीला चिकटते. शेपूट आपल्या मागे कुठे आहे, याचे भान घालणाऱ्याला नसते. दीपप्रज्वलन उरकल्यानंतरच त्यांनी मंचावर यावे, किंवा शेपटीचा पट्टा तेवढ्यापुरता सोडून ठेवावा.

निसर्गवर्ग

हा मुद्दा मुख्याध्यापकांना आजच कळवते. शिक्षिका दीपप्रज्वलनानंतरच येतील. हातमोजे आणि पायांचे पंजे करावेत का, एवढेच विचारायचे राहिले आहे. त्यांना फळ्यावर लिहायचे आहे आणि शाळेच्या जिन्याच्या पायऱ्या गुळगुळीत शहाबादी फरशीच्या आहेत.

टाकेटिपा

हातमोजे करू नयेत. बाहीची मोहरी तळहाताच्या मागच्या बाजूला ८ सेंमी त्रिकोणी वाढवून तिच्या टोकाला इलॅस्टिकचा फास शिवावा आणि तो मधल्या बोटात अडकवावा; हाताचा पाठचा भाग झाकला जातो, बोटे आणि तळवा मोकळे राहतात. शेकरूच्या लांब, बाकदार नखांसाठी त्या त्रिकोणावर काळ्या दोऱ्याने भरतकामाच्या चार रेघा घालाव्यात.

पायांत त्यांच्या नेहमीच्या, घट्ट बसणाऱ्या, रबरी तळाच्या चपला किंवा बूटच असावेत. विजारीच्या मोहरीला जोडलेली एक झडप बुटावर पुढे येऊ द्यावी आणि तळाखालून इलॅस्टिकने धरावी. कापडी तळ शहाबादी फरशीवर घसरतो, त्यामुळे पंजाच्या आकाराचे कापडी बूट टाळावेत.

कातरकाम

धुण्याविषयी. जॅकेट आणि विजार उलटी करून थंड पाण्यात, हाताने धुवावी आणि सावलीत आडवी पसरून वाळवावी. ओली होजिअरी दोरीवर टांगली, तर टोपीच्या वजनाने गळा ताणला जातो. शेपूट पाण्यात घालू नये. ओल्या फडक्याने पुसून, फायबर कोरडा राहील याची काळजी घेऊन, रुंद दातांच्या कंगव्याने बुडाकडून टोकाकडे विंचरावी. शेपटीच्या वरच्या टोकाला, निवारीच्या पट्ट्याजवळ, १० सेंमीचा जोड मशिनीने न शिवता हाताने लांब टाक्यांनी बंद करावा, म्हणजे पुढे कधी फायबर बदलायचा झाल्यास किंवा फर वेगळी धुवायची झाल्यास तेवढाच जोड उसवता येईल.